औंधचे राज्यदान आणि आटपाडीचे स्वतंत्रपूर

यंदाच्या स्मरणिकेसाठी नेतृत्वावर काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. विषय मोठा, आणि त्यावर उपदेश करण्याचा अधिकार आमच्या अंगी नाही. तेव्हा उपदेशाचा मार्ग सोडून आमच्या माण देशात घडून गेलेली एक हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

माण देश म्हटला की दुष्काळ, मेंढरांचे कळप आणि पोटासाठी परमुलखी निघालेली माणसे, एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, म्हसवडावरून पुढे आटपाडीच्या मुलखातून जाते, आणि वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात वाळूखेरीज काही दिसत नाही. हा आटपाडीचा मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. संस्थान ते केवढे? अवघी बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, तर गुणदाळ थेट विजापूरच्या अंगाला. परंतु या चिमुकल्या संस्थानाच्या अधिपतीने जे केले, ते हिंदुस्थानातील मोठमोठ्या राजेमहाराजांच्या हातून झाले नाही.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ साली ते गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि सूर्यनमस्कारांचे तर ते कट्टर उपासक होते. नित्यनेमाने नमस्कार घालावे, आणि आपल्याला जे हितकर वाटले ते प्रजेनेही करावे, हा त्यांचा आग्रह. संस्थानच्या शाळांतून मुलांना सूर्यनमस्कार सक्तीचे होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा मिळाली, तीही याच राजाच्या उदार आश्रयाने. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त तालमीच्या उद्घाटनास येणारा राजा ज्यांनी वाचला आहे, त्यांस या पुरुषाच्या साधेपणाची आणि दराऱ्याची कल्पना वेगळी द्यावयास नको. राजा प्रेमळ होता. तथापि तो हुकूम करणारा राजा होता, हेही येथे सांगितले पाहिजे. मुलांचे हित कशात आहे ते मुलांना न विचारता ठरविणारा बाप जसा असतो, तसाच हा प्रजेचा बाप होता.

अशा पुरुषाला सत्तराव्या वर्षी हुकूम सोडून देण्याची बुद्धी व्हावी, यात आम्हांस खरे नवल वाटते. तरुणपणी त्याग करणारे पुष्कळ आढळतात. त्या वयात सोडण्यासारखे हाती फारसे नसते. तीस वर्षे ज्याने शब्द टाकावा आणि तो झेलला जावा, त्याने आपल्या शब्दाचे वजन आपणहून ओळखावे आणि ते उतरवून ठेवावे, हे काम निराळे आहे. आमच्या ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, अध्यक्षपदाची खुर्ची सोडताना भल्याभल्यांचे पाय कसे जड होतात हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस आम्ही काय म्हणतो ते कळेल.

या कामी दोन माणसे निमित्त झाली. एक, राजाचे चिरंजीव आप्पासाहेब पंत. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परतलेले. दुसरे मॉरिस फ्रिडमन. पोलंडातील ज्यू, व्यवसायाने इंजिनिअर, नोकरीनिमित्त बंगळूरास आलेले आणि मनाने गांधीजींचे झालेले. १९३८ च्या नोव्हेंबरात राजाने जाहीर केले की, संस्थानचा कारभार आपण प्रजेच्या स्वाधीन करणार. मग पितापुत्र गांधीजींच्या सल्ल्यासाठी गेले, आणि १९३९ च्या जानेवारीत नवी घटना अमलात आली. तिची मांडणी वरून खाली नव्हती, खालून वर होती. गावाने आपले पाच पंच निवडावे, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचे मंडळ व्हावे, आणि तालुक्यांतून प्रतिनिधी विधिमंडळावर जावेत. गावचे तंटे गावानेच मिटवावे. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा पडली, आणि ती त्याने मान्य केली. गावोगावच्या पंचायतींत जुनीच वजनदार घराणी पुढे आली नसतील, असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण पंचाला निवडून यावे लागते ही गोष्टच बहात्तर गावांना नवी होती.

आता आटपाडीची कथा. त्याच १९३९ साली फ्रिडमन यांच्या कल्पनेवरून, आटपाडीजवळच्या माळरानावर कैद्यांची एक वसाहत वसविण्यात आली. तिला ना तट, ना बेड्या. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणारी माणसे तेथे जमीन कसू लागली, कुटुंबासह राहू लागली. नाव ठेविले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला असे नाव देणाऱ्याच्या धैर्याचे आम्हांस कौतुक वाटते. पहारेकरी नसेल तेव्हा माणसाने स्वतःचा पहारा स्वतः करावा लागतो. आणि जो त्याला मोकळा सोडतो त्यालाही रात्री स्वस्थ झोप लागावी एवढा विश्वास आपल्या मनात पैदा करावा लागतो. एखादा कैदी पळाला असता तर हसे राजाचेच झाले असते. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, तो याच प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे माणदेशच्याच सुपुत्राची. गदिमांचे शिक्षण काही काळ औंधला झाले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. तिचे एक मोठे ठाणे असलेले कुंडल हे औंध संस्थानातले गाव होते, यातही आम्हांस काही योगायोग दिसत नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. अन्य संस्थानिकांनी सोडले ते त्या दिवशी सोडले. या राजाजवळ सोडण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. १९५१ साली तो वारला. आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत व अन्यत्र गेले. फ्रिडमन मुंबईत राहिले. उतारवयात खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांच्या पायांशी बसून त्यांची मराठी निरूपणे त्यांनी इंग्रजीत आणली, तो ग्रंथ १९७३ साली निघाला, आणि १९७६ साली ते निवर्तले.

औंधच्या पंचायती नव्या कायद्यात विरून गेल्या. स्वतंत्रपूर मात्र आटपाडीजवळ आजही आहे. आता ते राज्य सरकारच्या तुरुंग खात्याकडे आहे, आणि भोवती तट अजूनही बांधलेला नाही.