यकृत-पर्णकृमींची जातिनिश्चिती : खडवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आलोचन

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, टिटवाळा व वासिंद या स्थानकांच्या दरम्यान, भातसा नदीच्या काठी खडवली हे गाव वसलेले आहे. पावसाळ्यात भातखाचरांत साठून राहणारे पाणी, पुढे हिवाळ्यात सखल जागी टिकणारी ओल आणि त्या ओलीत चरणारी गुरे ही या भागातील नित्याची दृश्ये होत. यकृतातील पर्णकृमीच्या जीवनक्रमास ही परिस्थिती सर्वथा अनुकूल ठरते. बाधा झालेले जनावर हळूहळू खंगत जाते, त्याचे दूध आटते व जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने रोग एकच. परंतु तो घडविणारा कृमी नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न शास्त्रज्ञांमध्ये दीर्घकाळ वादाचा विषय होऊन राहिला. त्या वादाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या कृमीची लिखित नोंद प्राचीनच म्हणावी लागेल. 1379 साली फ्रान्समध्ये झाँ द ब्री याने मेंढपाळांसाठी रचलेल्या ग्रंथात मेंढ्यांच्या यकृतरोगाचा उल्लेख आढळतो. 1758 साली लिनीयसने या कृमीस ‘फॅसिओला हेपॅटिका’ हे नाव दिले. पुढे 1855 साली कॉबोल्ड याने जिराफाच्या यकृतात सापडलेल्या, आकाराने पुष्कळ मोठ्या कृमीचे वर्णन ‘फॅसिओला जायगँटिका’ या नावाने केले. पहिली जाती थंड प्रदेशाची व दुसरी उष्ण प्रदेशाची, अशी विभागणी यातून रूढ झाली. 1879-80 च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुमारे 30 लाख मेंढ्या या रोगाने दगावल्याचे सांगितले जाते. त्या आपत्तीनंतर थॉमस व लॉयकार्ट या दोघांनी स्वतंत्रपणे संशोधन करून, कृमीची एक अवस्था गोड्या पाण्यातील गोगलगाईच्या देहात पार पडते, हे 1883 पर्यंत सिद्ध केले. गोगलगाईतून बाहेर पडलेल्या अळ्या गवतावर किंवा पाणवनस्पतींवर कोष करून राहतात व चाऱ्यावाटे गुरांच्या पोटात जातात.

भारतात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास पशुवैद्यक संस्थांच्या स्थापनेनंतर सुरू झाला. 1886 साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. 1935 साली भालेराव यांचा पाळीव जनावरांच्या कृमींवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर 1953 साली वर्मा यांनी भारतीय गुरांतील कृमी हेपॅटिका नव्हे व जायगँटिकाही नव्हे, असे प्रतिपादन करून त्यास ‘फॅसिओला इंडिका’ असे निराळे नाव सुचविले. त्यांचा आधार शरीररचनेचा होता. परंतु हा कृमी मऊ देहाचा असल्याने त्याची लांबी-रुंदी वयाप्रमाणे, आश्रयदात्या जनावराप्रमाणे, किंबहुना नमुना जतन करण्याच्या रीतीप्रमाणेही बदलते. त्यामुळे पुढील अभ्यासकांनी ‘इंडिका’ हे नाव ‘जायगँटिका’चाच पर्याय मानले. भाषांच्या वर्गीकरणातही अशीच अडचण येते. दोन बोलींतील बाह्य साम्य वा भेद तेवढाच पाहून त्यांचे कुल ठरविता येत नाही. त्यासाठी वंशपरंपरेचा पुरावा लागतो.

असा पुरावा आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणाने उपलब्ध झाला. 2008 साली शिलाँग येथील ईशान्य पर्वतीय विद्यापीठाच्या संशोधकांनी रायबोसोमीय डीएनएच्या ठराविक खंडांची तुलना करून आपल्या भारतीय नमुन्यांची जाती जायगँटिका असल्याचे दाखविले. नावाचा वाद अशा रीतीने बव्हंशी मिटला. मात्र त्याच वेळी दुसरा प्रश्न पुढे आला. जाती एक असली, तरी तिच्या अंतर्गत अनेक मातृवंश असू शकतात. मातेकडूनच संततीस मिळणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएवरून हे वंश ओळखता येतात. शिवाय जपान, कोरिया इत्यादी देशांत हेपॅटिका व जायगँटिका यांच्या संकरातून उद्भवलेले, शुक्रजंतूविरहित असूनही प्रजनन करणारे कृमी आढळले आहेत. तसे काही नमुने पूर्व भारतातूनही नोंदले गेले आहेत. वशिंडाची गुरे व म्हशी भारतीय उपखंडातून पूर्वेकडे नेल्या गेल्या, त्यांच्यासमवेत हे कृमीही पसरले असावेत, असे काही अभ्यासकांचे अनुमान आहे. अर्थात् कृमींची वंशावळ हा माणसाच्या व्यापाराचा व स्थलांतराचाही दस्तऐवज ठरतो.

या दृष्टीने खडवली-कल्याण परिसराचे महत्त्व ध्यानात येते. कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग 1855 साली सुरू झाला. मुंबईची दुधाची गरज वाढत गेली, तसे शहरात व भोवताली तबेले उभे राहिले आणि 1949 साली आरे दुग्ध वसाहतीची स्थापना झाली. या तबेल्यांसाठी मुऱ्हा, मेहसाणा, सुरती, जाफराबादी अशा म्हशी दूरच्या प्रांतांतून आणल्या गेल्या. बाहेरून आलेले जनावर आपल्या यकृतातील कृमीही सोबत आणते. त्याच्या शेणातील अंडी ओढ्या-खाचरांत पोहोचली व तेथे योग्य जातीची गोगलगाय असली, की परका वंश स्थानिक वंशाच्या शेजारी नांदू लागतो. एका गोगलगाईत शिरलेल्या एकाच अळीपासून आनुवंशिकदृष्ट्या समान अशा शेकडो अळ्या निपजतात, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

हा विषय केवळ नामकरणाचा नाही. ट्रायक्लाबेंडाझोल हे औषध 1980 नंतरच्या दशकात प्रचारात आले. परंतु त्यास न जुमानणारे कृमी 1995 साली ऑस्ट्रेलियात नोंदले गेले. ज्या कृमिसमूहात आनुवंशिक विविधता अधिक, त्यात अशी प्रतिकारक्षमता मुळात असण्याचा व औषधाच्या वारंवार वापराने ती वाढीस लागण्याचा संभवही अधिक. चार म्हशींवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला औषध निष्फळ ठरणे परवडणारे नाही. म्हणून कत्तलखान्यांतून, तबेल्यांतून व भातसेकाठच्या गावांतून नमुने घेऊन, ते जनावराच्या मूळ स्थानाच्या नोंदीसह तपासणे अगत्याचे आहे. 1953 सालचे ‘इंडिका’ हे नाव टिकले नाही; तथापि भारतीय कृमींचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे, ही त्यामागील जाणीव मात्र आजही ग्राह्यच म्हणावी लागेल.