औषधशास्त्राचे शिक्षण आणि रुग्णशय्या

भारतातील औषधशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया रुग्णालयात नव्हे, तर प्रयोगशाळेत घातला गेला. १९३० साली नेमलेल्या चोप्रा समितीपुढील मुख्य प्रश्न भेसळयुक्त व निकृष्ट औषधांचा होता. १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या शिक्षणास आरंभ केला. त्याचा कलही औषधांच्या निर्मितीकडे व परीक्षणाकडेच राहिला. १९४८ च्या फार्मसी कायद्याने व्यवसायास नोंदणीचे बंधन घातले. तथापि पदवीधर बहुधा कारखान्याकडे वळला, आणि रुग्णालयातील औषधवाटप मुख्यतः पदविकाधारकाकडे राहिले. २००८ साली आलेल्या सहा वर्षांच्या 'फार्म. डी.' अभ्यासक्रमाने अखेरचे वर्ष रुग्णालयास दिले. औषध शुद्ध असूनही चुकीच्या मात्रेने घात होतो, हे ज्ञान अभ्यासक्रमात असे उशिरा उतरले.