ब्रिज : बोली व डाव यांचा विकास

ब्रिज हा पत्त्यांचा एक बुद्धिप्रधान खेळ असून तो ५२ पानांच्या एका कॅटाने चार खेळाडू दोन-दोनांच्या जोडीने खेळतात. भागीदार समोरासमोर बसतात. टेबलाभोवतीच्या चार जागांना उत्तर, पूर्व, दक्षिण व पश्चिम अशी नावे असून उत्तर-दक्षिण ही एक जोडी व पूर्व-पश्चिम ही दुसरी. प्रत्येकास तेरा पाने मिळतात. खेळाचे बोली व डाव असे दोन भाग पडतात. आपली जोडी किती हात करील व कोणता रंग हुकूम असेल, हे बोलीत ठरते; ठरलेला करार प्रत्यक्ष पाने टाकून पुरा करणे किंवा तो मोडणे, हे डावात घडते. कोणती पाने वाट्यास यावीत हे दैवाधीन असते. त्यापुढील जवळजवळ सर्व गोष्टी निर्णयाधीन असतात. दैवाचा हा वाटा नियमांच्या साहाय्याने उत्तरोत्तर कमी करत नेणे, हे या खेळाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. त्याला कायद्याचीही एक बाजू असून तिचा मराठवाड्याशी संबंध पोहोचतो.

देशी पार्श्वभूमी : महाराष्ट्रात पत्त्यांच्या खेळाची परंपरा जुनी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंगांची प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० वर्तुळाकार पाने असतात. ५२ पानांच्या कॅटावर गावोगाव खेळला जाणारा मेंढीकोट हा तर रचनेच्या दृष्टीने ब्रिजचा जवळचा आप्तच आहे. त्यातही भागीदार समोरासमोर बसतात, उतारीच्या रंगाचे पान हाती असल्यास तेच टाकावे लागते व हुकमाने कापता येते. मेंढीकोटात दश्श्यांना महत्त्व असते आणि हुकूम बंद ठेवलेल्या पानावरून किंवा रंग संपलेल्या खेळाडूच्या पहिल्या कापणीवरून ठरतो. ब्रिजमध्ये मात्र हुकूम ठरविण्यासाठी चौघेही विचारपूर्वक बोली लावतात. ब्रिजचे वेगळेपण मुख्यतः या बोलीत आहे.

इतिहास : ब्रिजचा पूर्वज व्हिस्ट हा इंग्लंडमध्ये रूढ झालेला खेळ. एडमंड हॉइलने १७४२ मध्ये त्यावर एक लहानसे पुस्तक लिहून डावातील निर्णयांची पद्धतशीर चर्चा सुरू केली. व्हिस्टमध्ये बोली नसे. वाटणाऱ्याचे शेवटचे पान उघडे करून हुकूम ठरवीत. चांगली पाने आलेली जोडी साहजिकच जिंकत असल्याने कौशल्य किती व दैव किती, हा वाद जुनाच होता. ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्स यांच्या पुढाकाराने १८५७ मध्ये लंडनमध्ये एक प्रयोग झाला : तीच पाने निरनिराळ्या खेळाडूंना देऊन निकालांची तुलना करण्यात आली. आजच्या सर्व स्पर्धात्मक ब्रिजचा पाया असलेल्या ‘डुप्लिकेट’ पद्धतीची ही सुरुवात होय.

‘ब्रिज’ हे नाव पुलाच्या इंग्रजी नावासारखे असले, तरी त्याचा पुलाशी संबंध दिसत नाही. १८८६ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या एका पुस्तिकेत ‘बिरिच’ किंवा रशियन व्हिस्ट या नावाने एका खेळाचे वर्णन आले आहे. त्यात वाटणारा स्वतः हुकूम सांगे वा तो अधिकार भागीदारास देई, आणि भागीदाराची पाने टेबलावर उघडी मांडली जात. उघड्या पानांचा हा भागीदार म्हणजे ‘डमी’. त्यामुळे निम्मी पाने एका खेळाडूच्या नियंत्रणाखाली आली आणि डावाची आखणी करण्यास खरा अवसर मिळाला.

यापुढील पायरीचा संबंध भारताशी जोडला जातो. एका दूरच्या ठाण्यावर मुलकी सेवेतील तीन इंग्रज अधिकाऱ्यांना चौथा गडी मिळेना; तेव्हा डमीची पाने कोणास मिळावीत हे ठरविण्यासाठी त्यांनी लिलावाप्रमाणे बोली सुरू केली, असे सांगतात. कथेचा तपशील परंपरागत असला, तरी ‘जॉन डो’ या टोपणनावाने लिहिलेले ऑक्शन ब्रिजवरील एक आरंभीचे पुस्तक १९०४ मध्ये अलाहाबाद येथे प्रसिद्ध झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. लिलावामुळे हुकूम ठरविण्याचा हक्क वाटणाऱ्यापुरता न राहता चौघांनाही मिळाला.

ऑक्शन ब्रिजमध्ये एक उणीव होती. बोली कमी लावून जास्त हात केले, तरी त्या सर्वांचे गुण मिळत. म्हणून अचूक अंदाजाची गरज नसे. अमेरिकेतील हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ च्या अखेरीस पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ या जहाजावरील प्रवासात नवी गुणपद्धती आजमावली. बोलीत कबूल केलेल्या हातांचेच गुण ‘गेम’साठी धरावेत, बारा वा तेरा हातांचा करार पुरा केल्यास मोठे बक्षीस द्यावे आणि एक गेम मिळविलेल्या जोडीस करार मोडल्यास अधिक दंड व्हावा, अशी तिची सूत्रे होती. हाच काँट्रॅक्ट ब्रिज. त्याचा प्रसार मुख्यतः ईली कल्बर्टसन यांच्या लेखनाने व गाजलेल्या सामन्यांनी झाला. सिडनी लेन्झ यांच्याशी १९३१-३२ मध्ये झालेला त्यांचा सामना वृत्तपत्रांचा विषय झाला होता.

बोलीतील निर्णय : १ ची बोली म्हणजे सहा अधिक एक, असे सात हात. रंगांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व शेवटी बिनहुकुमी असा आहे. करारातील प्रत्येक हाताचे किलवर व चौकट यांत २०, बदाम व इस्पिक यांत ३० गुण मिळतात. बिनहुकुमीत पहिल्या हाताचे ४० व पुढील प्रत्येकाचे ३० गुण असतात. गेमला १०० गुण लागत असल्याने बिनहुकुमी ३, बदाम वा इस्पिक ४ आणि किलवर वा चौकट ५ या बोली त्यासाठी पुरतात. बोली हे एकाच वेळी वचन व संदेश असते : मोजक्या शब्दांत आपल्या तेरा पानांचे वर्णन भागीदारास करावयाचे असते, आणि तेच वर्णन प्रतिपक्षही ऐकत असतो. गुप्त खुणांना बंदी असून जोडीने ठरविलेला प्रत्येक संकेत प्रतिपक्षास विचारताच सांगावा लागतो.

पानांचे मोल ठरविण्यासाठी एक्का ४, राजा ३, राणी २ व गुलाम १ अशी मोजणी मिल्टन वर्क यांनी रूढ केली व चार्ल्स गोरेन यांनी १९४९ च्या सुमारास ती सर्वसामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचविली. कॅटात असे एकूण ४० अंक होतात. दोघा भागीदारांचे मिळून सु. २५ अंक असल्यास बिनहुकुमी ३ चा करार सहसा पुरा होतो, असा अनुभव आहे.

डावातील निर्णय : पुढील उदाहरणावरून विचाराची पद्धत स्पष्ट होईल.

उत्तर : इस्पिक राजा, ६, ४, बदाम ७, ५, चौकट एक्का, राणी, १०, ८, ४, किलवर राणी, ७, ३.
दक्षिण : इस्पिक एक्का, ८, ३, बदाम एक्का, ९, ४, चौकट गुलाम, ९, २, किलवर एक्का, राजा, ६, ५.

दक्षिणेकडे १६ अंक व समतोल पाने असल्याने ती बिनहुकुमी १ बोलते; या बोलीचा अर्थ १५ ते १७ अंक असा ठरलेला आहे. उत्तरेकडे ११ अंक आहेत. दोहोंची बेरीज २५ च्या वर जाते, म्हणून ती सरळ बिनहुकुमी ३ बोलते. पश्चिम बदाम ६ ची उतारी करते, उत्तरेची पाने उघडी होतात व पूर्व राणी टाकते. येथे घाईने एक्का टाकण्याचा मोह होतो.

आधी खात्रीचे हात मोजावेत : इस्पिकचे दोन, बदामचा एक, चौकटचा एक व किलवरचे तीन, असे सात. उरलेले दोन चौकटमधून काढावे लागतील. त्यासाठी दक्षिणेकडून गुलाम उतरून पश्चिमेकडे राजा असल्यास त्याला कोंडीत धरता येते. या युक्तीस ‘फिनेस’ म्हणतात. राजा पश्चिमेकडे असण्याची शक्यता निम्मी. तो पूर्वेकडे असला तर पूर्व हात जिंकून बदाम परत करील.

आता उतारीकडे पाहावे. लांब रंगातील वरून चौथे पान उतरण्याचा प्रघात आहे, त्यावरून आर. एफ. फॉस्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘अकराचा नियम’ निघतो. ११ मधून ६ वजा केल्यास ५ उरतात. उतारीहून वरची तेवढी पाने इतर तिघांकडे असतात. डमीकडील ७ व दक्षिणेकडील एक्का आणि ९ ही त्यांपैकी तीन. म्हणून पूर्वेकडे राणी व आणखी एक, अशी दोनच. ६ हून लहान पानांपैकी ३ व २ ही दोनच बाहेर आहेत. अर्थात पूर्वेकडे बदामची कमीतकमी दोन व जास्तीतजास्त चार पाने आहेत.

एक्का ताबडतोब टाकला आणि बदाम पश्चिमेकडे पाच व पूर्वेकडे तीन असले, तर चौकटचा राजा मिळताच पूर्व बदाम खेळेल. पश्चिमेस बदामचे चार व पूर्वेस राजाचा एक, असे पाच हात जाऊन करार एका हाताने मोडेल. याउलट दक्षिणेने एक्का दोनदा रोखून तिसऱ्या खेपेस टाकला, तर पूर्वेकडील बदाम संपतात. मग राजा मिळूनही तिला भागीदाराकडे जाण्यास वाट उरत नाही. पूर्वेकडे चार बदाम असले, तर बदामचे तीन व चौकटचा एक, एवढेच हात जातात व करार तरीही पुरा होतो. राजा कोणाकडे आहे हा दैवाचा प्रश्न होता. पानांचा क्रम बदलल्याने तो निकालाच्या दृष्टीने गौण ठरला.

संभाव्यता : ५२ पानांतून तेरा पानांचे ६३,५०१,३५,५९,६०० भिन्न संच संभवतात. प्रत्येक डाव त्यामुळे जवळजवळ नवाच असतो व पाठांतरापेक्षा प्रमाणांचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. प्रतिपक्षाकडे एखाद्या रंगाची पाच पाने असल्यास ती ३-२ अशी विभागण्याची शक्यता सु. ६८ टक्के असते. चार पाने मात्र २-२ पेक्षा (सु. ४१ टक्के) ३-१ अशी (सु. ५० टक्के) अधिक वेळा पडतात, सहा पानेही ३-३ पेक्षा (सु. ३६ टक्के) ४-२ अशी (सु. ४८ टक्के) अधिक वेळा विभागतात. बोलीतून व टाकलेल्या पानांतून कळलेल्या माहितीनुसार हे अंदाज पानागणिक बदलावे लागतात.

कौशल्य व कायदा : पत्ते आणि जुगार यांची सांगड समाजमनात घट्ट असल्याने हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. निजामी राज्यात फसली १३०५ चा (१८९५-९६) हैदराबाद जुगार अधिनियम लागू होता. आज लातूर जिल्ह्यात असलेला शिरूर अनंतपाळ, निलंगा व उदगीरचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे याच कायद्याच्या कक्षेत येत असे. केवळ कौशल्याच्या खेळांना तो लागू नव्हता. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ यातही अशीच सूट आहे. परंतु ‘केवळ कौशल्य’ म्हणजे काय? दैवाचा लवलेशही नसलेला पत्त्यांचा खेळ असू शकत नाही. शब्दशः अर्थ घेतल्यास पाने हाती धरणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरण्याचा धोका होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात, यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असलेल्या स्पर्धा जुगारात मोडत नाहीत, असे तत्त्व मांडले. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळताना पकडलेल्यांचे प्रकरण हैदराबाद अधिनियमाखालीच त्या न्यायालयापुढे आले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी १९६७ मध्ये दिलेल्या निकालात तीन पत्ती हा निव्वळ दैवाचा, तर रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. त्यासाठी त्यांनी मापदंड म्हणून ब्रिजकडे बोट दाखविले : पाने पिसून वाटण्यात असते तेवढेच दैव दोन्हींत असते. क्लबचालक खेळातून नफा कमावीत असेल, तर मात्र गुन्हा होऊ शकतो, असेही न्यायालयाने बजावले. पैसे लावून ऑनलाइन खेळण्याबाबत हा भेद पुढे संसदेने दूर ठेवला. २०२५ च्या अधिनियमाने असे खेळ कौशल्याचे असोत वा दैवाचे, त्यांवर बंदी घातली. टेबलावरील स्पर्धात्मक ब्रिज त्याहून वेगळा. त्यात पणाला लागतो तो करार.

स्पर्धा : सांघिक सामन्यात एका टेबलावर उत्तर-दक्षिणेस मिळालेली पाने दुसऱ्या टेबलावर प्रतिस्पर्धी संघाच्या उत्तर-दक्षिण जोडीस मिळतात, त्यामुळे चांगल्या पानांचा लाभ दोन्ही संघांस सारखाच होतो. जागतिक ब्रिज महासंघाची स्थापना १९५८ मध्ये झाली. भारतात रुईया, होळकर व बसालत जाह हे करंडक प्रसिद्ध आहेत. जाकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. त्यात प्रणव बर्धन (वय ६०) व शिवनाथ सरकार (वय ५६) यांनी पुरुष जोडीचे सुवर्णपदक मिळविले. पुरुष व मिश्र संघांना कांस्यपदके मिळाली. त्या संघांत मुंबईचे जग्गी शिवदासानी व हेमा देवरा हे खेळाडू होते. २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक पटकाविले.