एकाच दिवशी दोन ऑस्ट्रेलिया

आजचा एपिसोड बाबांशी झालेल्या भांडणातून निघालाय. जेवताना बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, "सत्त्याहत्तरला आम्ही पहाटे उठून रेडिओला चिकटायचो, आणि आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरात हरवलं." मी म्हणालो, "बाबा, ती त्यांची बी टीम होती." बाबांनी ताट सरकवलं. मग मला नीट वाचावंच लागलं.

झालं असं. केरी पॅकर नावाच्या टीव्हीवाल्याला ऑस्ट्रेलियन क्रिकेटचे हक्क हवे होते, बोर्डाने दिले नाहीत. त्याने गुपचूप खेळाडूच करारबद्ध केले. चॅपल बंधू, लिली, मार्श, शिवाय वेस्ट इंडिज आणि इंग्लंडचेही मोठमोठे लोक. आणि लीग कधी सुरू केली? २ डिसेंबर १९७७. त्याच दिवशी ब्रिस्बेनला भारत-ऑस्ट्रेलिया पहिली टेस्ट सुरू होत होती! आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच फाइलवर दोघांनी एकाच वेळी काम केलं, आणि मर्ज कोणालाच करायचं नव्हतं.

पॅकरला मोठी क्रिकेट मैदानं मिळेनात, म्हणून मेलबर्नच्या एका फुटबॉल स्टेडियमवर बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून बसवली. पहिल्या दिवशी स्टँड जवळजवळ रिकामे. इकडे बोर्डाकडे टीमच नाही. त्यांनी बॉब सिम्पसनला बोलावलं. वय ४१, निवृत्त होऊन जवळपास दहा वर्षं झालेली. ब्रिस्बेनला त्याच्या हाताखाली सहा जण पहिलीच टेस्ट खेळत होते.

म्हणजे मी बरोबर? थांबा. ही 'बी टीम' ब्रिस्बेनला १६ धावांनी जिंकली, पर्थला दोन विकेट राखून जिंकली, आणि पर्थला सिम्पसनने १७६ काढले. जेफ थॉमसन त्यांच्याकडेच होता, तो काही बी टीमचा बॉलर नव्हे. आपल्या गावसकरने पहिल्या तिन्ही टेस्टच्या दुसऱ्या डावात शतकं ठोकली. मेलबर्नला चंद्रशेखरने दोन्ही डावांत ५२ धावांत सहा-सहा बळी घेतले. ऑस्ट्रेलियात भारताचा तो पहिला टेस्ट विजय. पुढे सिडनीही जिंकली. अ‍ॅडलेडला ४९३ चा पाठलाग करताना आपण ४४५ पर्यंत पोचलो, आणि मालिका ३-२ ने गेली. बेदीची टीम फुकटात काहीच जिंकली नाही हो.

१९७९ मध्ये तडजोड झाली. पॅकरला टीव्हीचे हक्क मिळाले, लीग बंद. पण लीगने आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे खेळाडू पळवले तर काय होतं, ते सगळ्या बोर्डांनी पाहिलं होतं. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग आली तेव्हा बीसीसीआयने तिकडे गेलेल्यांवर बंदी घातली, आणि २००८ ला स्वतःचीच लीग काढली. माझ्या मते ही खरी चाल. कॅलेंडर ज्याच्या हातात, लीगही त्याचीच! तरी पहिल्या सीझनला इंग्लंडचा एकटा मास्करेन्हास आला, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हाच सुरू होतो.

आता उलट व्हायला लागलंय. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये बाकीचे संघ खेळायला लागले तरी भारताची पहिली मॅच ५ जूनला होती, कारण लोढा समितीच्या शिफारशीनुसार आयपीएलनंतर १५ दिवसांचं अंतर ठेवायचं होतं. आयसीसीच्या २०२३ ते २०२७ च्या वेळापत्रकात आयपीएलसाठी जवळपास अडीच महिने मोकळे ठेवलेत. तरीही २०२४ ला बटलर प्लेऑफच्या आधी राजस्थानला सोडून गेला, पाकिस्तानविरुद्धच्या टी-ट्वेंटी मॅचेस होत्या म्हणून.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. चंद्राच्या बारा बळींपाशी त्यांनी मला थांबवलं, आणि पुढची पंधरा मिनिटं तेच बोलत होते. तो भाग रेकॉर्ड केलाय, शेवटी जोडतोय.