सावधान, गाडी ओढतात!

‘सावधान’ ऐकून समर्थ बोहल्यावरून पळाले, असं सांगतात. त्यांच्या गावचे, म्हणजे जांब समर्थचे, आम्ही. त्या शब्दाला जपतो. पुतण्याची बुटकी स्पोर्ट्‌स कार काळ्या मातीत रुतली आणि ट्रॅक्टरवाल्याने साखळी काढली, तेव्हा पुतण्या नवरदेवासारखा पांढरा पडला.

मी इतिहास काढला. १९१६ साली अमेरिकेत चॅटानूगाजवळ ओढ्यात पडलेली फोर्ड काढायला अर्नेस्ट होम्सला सहा माणसं नि आठ तास लागले. वैतागून त्याने कॅडिलॅकवर तीन दांडे, कप्पी, साखळी बसवली, झाली ओढगाडी! पण ती दोनच चाकं उचलते. इंजिनाने फिरणारी चाकं जमिनीवर राहिली, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलावाचून जळतो.

“काका, अठ्ठावन्न हप्ते उरलेत!”

मी पडलो बँकेतला. ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजला नि जालन्याहून सपाट ट्रक मागवला.