टॉमी जॉनचे कोपर

बेसबॉलमध्ये गोलंदाजाच्या कोपराचा आतला अस्थिबंध तुटला, की १९७४ पूर्वी त्याची कारकीर्द बहुधा संपल्यातच जमा असे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाच्या टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातली कंडरा बसवली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती. अशा कंडरेत नव्या रक्तवाहिन्या शिरून ती अस्थिबंधासारखी बळकट व्हायला महिनोन्‌महिने जातात. घाई केली तर ती ताणाखाली तुटते. त्यातच मज्जातंतू दुखावल्याने बोटे आखडली आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा अख्खा हंगाम सरावातच गेला. १९७६ मध्ये जॉन परतला, तो थेट १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. आज ही शस्त्रक्रिया सर्रास होते, तरी साधारण वर्षभराची सक्तीची रजा गोलंदाजांना सहसा चुकत नाही.