बुद्धिबळाचें दप्तर

इतिहासाच्या अभ्यासकांस बखर आणि कागद यांतील भेद सांगावयास नको. बखरकार गोष्ट घडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनीं लिहावयास बसतो. त्यामुळें आपल्या धन्याचा विजय त्याच्या पराक्रमानें झाला आणि पराभव मात्र दैवानें किंवा फितुरीनें झाला, असें त्याच्या लेखणींतून सहज उतरतें. त्याच दिवशीं लिहिलेलें पत्र किंवा हिशेबाचा कागद अशी भीड धरीत नाहीं. १८९८ मध्यें राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा भेद मराठी वाचकांच्या चांगला परिचयाचा आहे. परंतु तो बुद्धिबळासारख्या घरगुती करमणुकीसही लागू पडतो, हें आम्हांस अगदीं अलीकडे, आणि तेंही थोडें खजील होऊन, समजलें.

बुद्धिबळाचा डाव स्वभावतःच नाशिवंत आहे. मात झाली, सोंगट्या पेटींत गेल्या, कीं डाव संपला. उरते ती खेळणाऱ्यांची आठवण. पूर्वींच्या काळचें जें कांहीं टिकलें, तें बहुधा दुसऱ्या कोणीं तरी लिहून ठेवलें म्हणून टिकलें. १८३४ मध्यें लंडन येथें फ्रान्सचा ला बूर्दोने आणि बेलफास्टचा मॅक्डोनेल यांच्यामध्यें ८५ डाव झाले. त्यांपैकीं ४५ पहिल्यानें व २७ दुसऱ्यानें जिंकले. १३ बरोबरींत सुटले. हे डाव आज आपणांस खेळीमागून खेळी मांडून पाहतां येतात, याचें श्रेय ते टिपून घेणाऱ्या विल्यम ग्रीनवुड वॉकर या गृहस्थास आहे.

आपल्या देशांतील उदाहरण याहून बोलकें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास कॉक्रेन नांवाचा बॅरिस्टर वकिली करीत असे. तो पूर्वीं लंडनमधील नामांकित खेळाडूंत गणला जाई. मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशीं त्यानें अनेक वर्षें शेंकडों डाव खेळले आणि ते लिहून ठेवले. उंट बाजूच्या घरांत ठेवून मधल्या पटावर दुरून नजर ठेवावयाची, ही मोहेशचंद्रांची पद्धति त्या काळच्या युरोपियन खेळाडूंस चमत्कारिक वाटे. पुढें विसाव्या शतकांत तशाच बचावांस ‘इंडियन’ या नांवानें मोठी प्रतिष्ठा मिळाली. मोहेशचंद्रांनीं स्वतः लिहिलेला ग्रंथ आपल्यापुढें नाहीं. आहे ती प्रतिस्पर्ध्याच्या हातची नोंद. आमच्याकडे १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूप छापलें गेलें. ग्रंथ राहिला, परंतु त्याच मुंबईंत ओसरीओसरीवर रोज रंगणारे डाव कोणीं टिपले? ते सोंगट्यांबरोबरच पेटींत गेले.

नोंद झाली तरी ती उलगडून पाहणें हें दुसरें आणि अधिक कठीण काम. जर्मनीच्या डॉक्टर टाराश यांनीं १८९५ मध्यें स्वतःचे तीनशें डाव टीपांसह प्रसिद्ध केले. पुढें १९४८ सालीं जगज्जेतेपद मिळविणाऱ्या सोव्हिएट रशियाच्या बोटव्हिनिक यांनीं तर यास एक नियमच बनविलें. खेळाडूनें आपल्या डावांचें परीक्षण स्वतः करावें व तें प्रसिद्ध करावें, म्हणजे आपली चूक झांकण्याचा मोह होत नाहीं, असें त्यांचें मत होतें. १९५७ मध्यें स्मिस्लॉव्ह यांनीं व १९६० मध्यें ताल यांनीं त्यांचें पद हिरावून घेतलें. परंतु दोन्ही वेळां पुढच्याच वर्षीं त्यांनीं तें परत मिळविलें. पराभवाचे कागद निर्भयपणें वाचणाऱ्याचें हें यश होय.

तथापि एकेक डाव वाचणें निराळें आणि सारे डाव एकत्र वाचणें निराळें. एका डावांतील चूक ही घटना असते. तीच चूक शंभर डावांत दिसली, कीं तो स्वभाव ठरतो. हें एकत्र वाचन मनुष्याच्या हातून होण्याजोगें नव्हतें. तें संगणकानें शक्य केलें. कास्पारोव्ह हा १९८५ मध्यें हॅम्बुर्ग येथील आठ खेळाडूंशीं एकाच वेळीं खेळतांना साडेतीन विरुद्ध साडेचार गुणांनीं हरला होता. १९८७ मध्यें पुन्हां तेथें जाण्यापूर्वीं त्यानें चेसबेस या नव्या संगणकीय संग्रहांतून प्रतिपक्षाचे जुने डाव काढून अभ्यासिले, आणि सात विरुद्ध एक अशा गुणांनीं तो जिंकला. १९९३ मध्यें स्टीव्हन एडवर्ड्स यांनीं डाव लिहिण्याची पीजीएन ही सर्वमान्य पद्धति ठरवून दिली. तेव्हांपासून एका यंत्रावर लिहिलेला डाव कोणत्याही यंत्रास वाचतां येऊं लागला.

आज तर सामान्य खेळाडूचेंही दप्तर आपोआप तयार होतें. इंटरनेटवर खेळलेल्या प्रत्येक डावाची खेळी न् खेळी नोंदली जाते. बहुधा ती खेळतांना घड्याळांत किती वेळ उरला होता, हेंही नोंदलें जातें. २०१० मध्यें सुरू झालेल्या लिचेसवरून आपले सर्व डाव एका फाइलींत उतरवून घेतां येतात. चेस डॉट कॉमवरून ते, पेशवे दप्तरांतील रुमालांप्रमाणें, महिन्यामहिन्यांचे गठ्ठे बांधल्यासारखे मिळतात. ती फाइल स्टॉकफिशसारख्या परीक्षक यंत्रापुढें ठेवली, म्हणजे प्रत्येक खेळीनें किती नफा वा तोटा झाला, तें यंत्र प्याद्याच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून दाखवितें.

आम्हींही आमचे तीन वर्षांचे डाव असे उतरवून घेतले. दोन हजारांवर भरले. त्यापूर्वीं आमची बखर तयारच होती : आजचीं मुलें सुरुवातीच्या खेळ्या पाठ करून येतात, आणि आमचीं बोटें मंद, म्हणून आम्ही हरतों. दप्तरानें यांतील एकही विधान खरें ठरविलें नाहीं. सुरुवात आटोपतांना आमचा डाव बहुधा बरोबरीचा, कित्येकदां वरचढच असे. वेळही पुष्कळ शिल्लक असे. घात होई तो प्रतिपक्षाचा एखादा घोडा किंवा उंट फुकट हातीं लागल्यानंतरच्या पांच-सहा खेळ्यांत; आणि त्या खेळ्या आम्हीं दोन-दोन, तीन-तीन सेकंदांत केलेल्या होत्या. आमचा शत्रु पराभव नव्हता, हातीं आलेला विजय होता.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. दप्तर आपण होऊन बोलत नाहीं. त्यास प्रश्न विचारावा लागतो. तीन मिनिटांचे डाव आणि अर्ध्या तासाचे डाव एका राशींत घातले, तर निष्कर्ष भलतेच निघतात. पांच-दहा डावांवरून नियम बांधूं नये. यंत्राचा निकाल पाहण्यापूर्वीं आपली चूक आपण शोधावी. कारण खेळी कोठें चुकली हें यंत्र सांगतें, ती आपण कां केली हें सांगत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच ओळखावयाचें असतें.

आम्हांस तें ओळखतांना एका दिवंगत स्नेह्याची आठवण झाली. पंचवीस वर्षांपूर्वीं दर रविवारीं ते आमच्याकडे येत व ओसरीवर आमचे डाव होत. त्यांतील एकही लिहिलेला नाहीं. बहुतेक आम्हीच जिंकत होतों, असें आम्ही आजवर घरांत सांगत आलों. ते मात्र पट आवरतांना हंसून म्हणत, “प्रोफेसर, तुम्ही जिंकायला लागलां, कीं पटाकडे पाहायचें सोडतां.” तें आम्हीं थट्टेवारी नेलें. पुढें दोन हजार डावांचे कागद तपासून जें आम्हांस समजलें, तें त्यांनीं एकही कागद न ठेवतां सांगितलें होतें. आतां तो जुना हिशेब पुन्हां मांडतां येणार नाहीं. परंतु घरांत त्या रविवारांची गोष्ट निघाली, म्हणजे “बहुतेक आम्हीच जिंकत होतों” हें वाक्य आम्हीं उच्चारावयाचें सोडून दिलें आहे.